इंद्रधनुमाशांचे पाळणाघर

काचेच्या पेटीत पोहणारा रंगीत मासा पाहावयास कोणास आवडत नाही? परंतु मासा पाळणे आणि माशाचा वंश वाढविणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीस एक टाकी पुरते. दुसरीस ती पुरत नाही. ती का पुरत नाही, हे एका परदेशी माशाच्या हकिगतीवरून चांगले कळते. त्या माशाचे घर ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य भागात, क्वीन्सलँड प्रांतातील एका वाटोळ्या सरोवरात होते.

या सरोवराचे नाव ईचम. ज्यांनी लोणारचे सरोवर पाहिले आहे, त्यांस ईचमची कल्पना सहज करता येईल. भोवती दाट झाडी, मध्ये खोल खळगा आणि त्यात साठलेले शांत पाणी. लोणारचा खळगा उल्कापाताने झाला, ईचमचा ज्वालामुखीच्या स्फोटाने. लोणारचे पाणी खारे, ईचमचे गोडे. एवढाच काय तो मोठा फरक. सुमारे ६५ मीटर खोल असलेल्या या सरोवरास कोणतीही मोठी नदी येऊन मिळत नाही. त्यामुळे बाहेरचे शिकारी मासे तेथे पोचले नव्हते. बोटाएवढ्या लांबीचे, उन्हात अंगाच्या कडा चमकविणारे इंद्रधनुमासे तेथे निर्धास्तपणे नांदत असत. १९८२ साली शास्त्रज्ञांनी या जातीस स्वतंत्र नाव दिले. आणि नवल असे, की १९८७ सालापर्यंत सारे सरोवर धुंडाळूनही तीतील एक मासा मिळेनासा झाला!

पाणी आटले नव्हते. ते विषारीही झाले नव्हते. माणसांनी दुसऱ्या नद्यांतील मासे आणून हौसेने सरोवरात सोडले होते. त्यांत तोंडातून पाण्याची पिचकारी मारून झाडावरचे किडे पाडणारा मासा होता, तसाच मोठ्या जबड्याचा एक शिकारी मासाही होता. शत्रू म्हणजे काय हे ज्यांस कधी शिकावेच लागले नव्हते, ते लहान मासे त्यांच्या भक्ष्यस्थानी पडले. पुढे काही मासे पुन्हा सरोवरात सोडून पाहण्यात आले. तेही टिकले नाहीत.

मग ही जात नामशेष झाली काय? नाही. काही हौशी मंडळींनी ईचमचे मासे पूर्वीच आपल्या घरी नेले होते. ते कोणाच्या परसात, कोणाच्या ओसरीवर काचेच्या टाक्यांतून अंडी घालीत होते आणि त्यांची पिल्ले मोठी होत होती. पुढे १९९० च्या दशकात आसपासच्या ओढ्यांत या जातीचे मासे सापडले. तोपर्यंत मात्र तिचा सारा भरवसा या काचेच्या टाक्यांवरच होता. त्या मंडळींपैकी प्रत्येकाजवळ एकच टाकी असती, आणि एखाद्या रात्री ती फुटली असती किंवा तिच्यात रोग शिरला असता, तर काय झाले असते, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

माशांचा वंश टाक्यांतून राखण्याचे काम आपल्याकडेही झाले आहे. लोणावळ्याजवळील वळवण येथे टाटा कंपनीच्या मत्स्यबीज केंद्रात १९७० च्या दशकापासून महसीर या मोठ्या माशाची पैदास होत आली आणि तेथील पिल्ले दूरदूरच्या जलाशयांत सोडण्यात आली. महसीरास विस्तीर्ण हौद लागतात. इंद्रधनुमाशांचे काम मात्र एका खोलीत होण्याजोगे आहे.

ते कसे करतात, हे ओळखीच्या मुलखातील एखादे गाव डोळ्यांसमोर ठेवून पाहिले म्हणजे अधिक स्पष्ट होईल. परभणी जिल्ह्यात पूर्णा तालुक्यात ताडकळस हे गाव आहे. येथे कोणी इंद्रधनुमाशांची पैदास करावयाचे ठरविले, तर त्यास पहिला प्रश्न पडेल तो पाण्याचा. या भागात काळी माती आणि तिच्याखाली काळा पाषाण आहे. त्याच्या भेगांतून झिरपणाऱ्या पाण्यात चुन्याचे व इतर क्षार विरघळतात. म्हणून विहिरीचे किंवा बोअरचे पाणी जड असते. त्यात साबणास फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही आणि पाणी तापविण्याच्या भांड्यास आतून पांढरा थर बसतो. घरातील बायामाणसे ज्या पाण्यास नावे ठेवतात, तेच पाणी इंद्रधनुमाशांच्या बहुतेक जातींस मानवते. पुष्कळ शोभेच्या माशांस अंडी घालावयास मऊ पाणी लागते, ह्यांस तसे लागत नाही. तेव्हा ताडकळससारख्या गावी या माशांची निवड करणे शहाणपणाचे ठरेल.

या माशांच्या शंभराहून अधिक जाती आहेत आणि त्या ऑस्ट्रेलिया व न्यू गिनी या प्रदेशांतच निसर्गतः आढळतात. रंगीत माशांच्या बाजारात त्यांतील ‘बोसमनी’ ही जात प्रसिद्ध आहे. तिच्या नराचे पुढचे अर्धे अंग निळसर आणि मागचे अर्धे नारिंगी असते. जणू दोन माशांचे तुकडे एकत्र जोडले आहेत. ही जात न्यू गिनीच्या पश्चिम भागातील आयामारू सरोवरांच्या परिसरातली. १९८० साली तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले आणि थोड्याच वर्षांत तिला इतकी मागणी आली, की तेथील मासे, विशेषतः रंगीत नर, फार मोठ्या संख्येने पकडून परदेशी धाडले जाऊ लागले. टाकीत वाढलेली पिल्ले विकत मिळू लागली, म्हणजे सरोवरातील मासे पकडण्याचे कारण तितके कमी होते.

आता टाक्यांकडे वळावे. ९० सेंटिमीटर लांब, ४० सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर उंच अशी काचेची टाकी काठोकाठ भरली, तर तिच्यात १४४ लिटर पाणी मावते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम. म्हणजे काच सोडून, नुसत्या पाण्याचाच भार १४४ किलोग्रॅम झाला. अशा पाच टाक्या दोन मजली मांडणीवर ठेवावयाच्या, तर ती मांडणी लाकडी फळ्यांची असून भागणार नाही. लोखंडी अँगलची, नटबोल्टांनी घट्ट आवळलेली मांडणी करावी लागते आणि तिचे पाय फरशीवर सारखे टेकले आहेत की नाहीत, हे पाणसळ लावून पाहावे लागते. टाकी एका कोपऱ्यास किंचित उचललेली राहिली, तर काचेवर ताण येऊन ती आठवड्याभरानेही तडकू शकते. काच व लोखंड यांच्यामध्ये थर्मोकोलची पातळ पट्टी अंथरण्याची रीत आहे, ती याकरिताच.

या पाच टाक्यांची कामे वाटून दिलेली असतात. दोन टाक्यांत मोठे मासे, अंडी घालणारे. दोहोंत एकच जात ठेवली, तर एका टाकीवर संकट आले तरी दुसरीतील मासे उरतात. निरनिराळ्या जाती एका टाकीत मात्र ठेवू नयेत. इंद्रधनुमाशांच्या जाती आपसांत सहज मिसळतात आणि त्यांची मिश्र पिल्ले कोणत्याच जातीची राहत नाहीत. रंगाच्या मोहाने ही चूक पुष्कळ लोक करतात. उरलेल्या तीन टाक्या वाढत्या पिल्लांसाठी. पिल्लांस त्यांच्या आकाराप्रमाणे वेगळे ठेवावे लागते, कारण मोठे पिल्लू लहान पिल्लाचा घास आधी हिसकावते आणि तोंडात मावले तर त्यासही गिळते.

पाचही टाक्या नळ्यांनी जोडून त्यांचे पाणी एका सामाईक टाकीत आणता येते. ही टाकी सर्वांच्या खाली असते. वरच्या टाक्यांतून ओसंडणारे पाणी नळीने तिच्यात उतरते, तेथील स्पंज व दगडगोटे यांतून गाळले जाते आणि पंपाने पुन्हा वर चढविले जाते. पाणी नुसते गाळले म्हणजे शुद्ध झाले, अशी नवशिक्याची समजूत असते. खरे काम गाळणीचे नसून तिच्यात राहणाऱ्या सूक्ष्म जंतूंचे असते. माशांच्या उत्सर्गातून व कुजणाऱ्या अन्नातून अमोनिया हा विषारी पदार्थ पाण्यात मिसळतो. एका प्रकारचे जंतू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या प्रकारचे जंतू नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि ते माशांस बरेच सोसते. हे जंतू डोळ्यांस दिसत नाहीत आणि त्यांची पुरेशी वाढ होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. ज्या दिवशी टाकी भरली त्याच दिवशी तीत पुष्कळ मासे सोडणारा मनुष्य त्यांस स्वच्छ दिसणाऱ्या विषात सोडीत असतो. पहिले काही आठवडे एकदोन मासे ठेवून धीर धरणे, हेच या साऱ्या उद्योगातील सर्वांत कठीण काम होय. स्पंज धुवावयाचा झाला, तरी तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. जंतुनाशक पूड टाकलेल्या नळाच्या पाण्यात तो धुतला, तर आतले उपकारी जंतू मरतात. माशांसाठीही असे नळाचे पाणी एकदोन दिवस उघड्या पिंपात हवा सोडून मुरू दिल्यावरच वापरावे.

जोडलेल्या टाक्यांचा लाभ असा, की पाणी पुष्कळ असल्यामुळे त्याचे तापमान व गुण एकाएकी बदलत नाहीत. तोटाही तितकाच मोठा आहे : एका टाकीतील रोग त्याच पाण्यावाटे पाचही टाक्यांत पसरतो. म्हणून विकत आणलेला मासा कितीही टवटवीत दिसला, तरी त्यास तीनचार आठवडे एका वेगळ्या टाकीत ठेवतात. या टाकीस जोडनळी नसते. तिची जाळी, बादली, स्पंज सारे निराळे असते. घाईत एकदा तीच ओली जाळी दुसऱ्या टाकीत बुडाली, की वेगळी टाकी ठेवल्याचे सार्थक संपले.

ताडकळससारख्या गावी आणखी एक गोष्ट मांडणीच्या वेळीच ध्यानात घ्यावी लागेल, ती म्हणजे वीज जाणे. वीज गेली की पंप थांबतो. वरच्या टाक्यांतील पाणी मात्र लगेच थांबत नाही; ओसंडण्याच्या भोकाच्या पातळीस येईपर्यंत ते खाली उतरतच राहते. प्रत्येक टाकीत दोन सेंटिमीटर पाणी उतरले असे धरले, तर ९० × ४० × २ म्हणजे ७,२०० घनसेंटिमीटर, अर्थात ७.२ लिटर पाणी एका टाकीतून खाली येईल आणि पाच टाक्यांतून ३६ लिटर. खालची टाकी आधीच काठोकाठ भरलेली असेल, तर हे सारे पाणी फरशीवर जाईल. आणि वीज परत आल्यावर खालच्या टाकीतील पाणी तितके कमी होईल. म्हणून खालच्या टाकीत निदान ४० लिटरांची जागा नेहमी रिकामी राखावी. पाणी वर नेणाऱ्या नळीचे तोंड वरच्या टाकीत खोल बुडालेले असेल, तर पंप थांबताच त्याच नळीतून पाणी उलट वाहू लागते; हा दोष नळीचे तोंड पृष्ठभागाच्या अगदी जवळ ठेवल्याने टळतो. विजेच्या तारा टाकीपासून प्रथम खाली झोल देऊन मग वर बटणापर्यंत नेतात, म्हणजे तारेवरून ओघळणारा थेंब बटणात न शिरता खाली गळून पडतो. हे काम मुलांनी स्वतः करू नये, जाणत्या मनुष्याकडून करवून घ्यावे.

भारनियमन लांबले तर माशांस उपाशी राहण्याची भीती नसते. त्यांस खरी भीती असते ती प्राणवायूच्या तुटवड्याची. पाणी जितके तापते, तितका त्यात कमी प्राणवायू विरघळतो. २५ अंश तापमानाच्या एका लिटर पाण्यात सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३५ अंशांस तो ७ मिलिग्रॅमच्याही खाली येतो. इंद्रधनुमाशांस २४ ते २८ अंशांचे पाणी सोयीचे, आणि परभणी जिल्ह्यातील वैशाखात हवेचा पारा ४० अंश ओलांडतो. अशा दिवसांत पत्र्याच्या खोलीत ठेवलेले मासे वाचणे कठीण. मराठवाड्यातील जुनी माळवदाची घरे येथे उपयोगी पडतात. त्यांच्या जाड भिंती आणि मातीचे छत बाहेरची उष्णता आत लवकर येऊ देत नाहीत. पाण्याच्या पृष्ठभागावरून पंख्याचा वारा खेळविला, तर माठातल्याप्रमाणेच बाष्पीभवनाने पाणी दोनतीन अंशांनी उतरते. उडून जाते ते नुसते पाणी, क्षार मागे राहतात. तेव्हा घट भरून काढण्यास साठविलेले पावसाचे पाणी मिळाले तर उत्तम. विजेवाचून चालणारा बॅटरीचा हवापंप जवळ असावा. तोही नसेल, तर तांब्याने पाणी उचलून उंचावरून धार सोडीत राहणे, हा गरिबाचा उपाय अगदीच टाकाऊ नाही. याउलट पौषात, जेव्हा या जिल्ह्यात पारा कधी कधी दहा अंशांच्या खाली जातो, तेव्हा त्याच टाक्यांस तापमापक लावलेला पाणतापक हवा.

पाण्याची किंमतही मोजली पाहिजे. दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावयाचे, तर पाच टाक्यांना १८० लिटर लागतात. टँकरची वाट पाहत जेथे घागरी रांगेत लागतात, तेथे एवढे पाणी माशांसाठी खर्च करणे शोभणार नाही. म्हणून सुरुवात दोन टाक्यांनीच करावी आणि काढलेले पाणी मोरीत न ओतता वांग्यामिरच्यांच्या वाफ्यात सोडावे. त्यातील नायट्रेट हे रोपांचे खत आहे. मात्र त्या पाण्याबरोबर एखादे पिल्लू ओढ्यात किंवा विहिरीत जाणार नाही, ही खबरदारी घेतलीच पाहिजे. परदेशी तिलापिया मासा १९५२ साली भारतात आणला गेला आणि आज तो देशातील पुष्कळ जलाशयांत पसरलेला आहे. तो परत गोळा करणे आता कोणाच्याही हातचे राहिलेले नाही.

एवढी सिद्धता झाल्यावर माशांनी अंडी घालण्याची वाट पाहावयाची. इंद्रधनुमासा सारी अंडी एकदम घालीत नाही. मादी बहुतेक रोज सकाळी थोडी थोडी अंडी पाणवनस्पतींत घालते. त्या वेळी नराचे रंग एकाएकी उजळतात, कपाळापासून पाठीपर्यंत एक पट्टा दिव्यासारखा लखलखतो आणि तो मादीभोवती थरथरत फिरतो. हा देखावा पाहावयाचा असेल, त्याने अंथरुणातून लवकर उठावे. वनस्पतींऐवजी टाकीत लोकरीचा गोंडा सोडण्याची युक्ती सोपी आहे. मेंढीची लोकर पाण्यात कुजते, यास्तव कृत्रिम धाग्याची लोकर घेतात, रंग निघून जाईपर्यंत ती उकळतात आणि तिचा जाड गोंडा बुचास बांधून तरंगता ठेवतात. प्रत्येक अंड्यास एक बारीक चिकट धागा असतो, त्याने ते लोकरीस लटकून राहते. अंडे खसखशीच्या दाण्याएवढे, काचेसारखे पारदर्शक असते. ज्यास ते प्रथमच शोधावयाचे आहे, त्याने गोंडा उजेडात धरून बोटांनी हळूच चाचपावा. अंडे टणक लागते आणि सहज फुटत नाही.

आईबाप आपल्याच अंड्यांवर व पिल्लांवर ताव मारण्यास मागेपुढे पाहत नाहीत. यासाठी दर दोनतीन दिवसांनी गोंडा उचलून एका लहान, वेगळ्या टाकीत नेतात आणि मोठ्या टाकीत दुसरा गोंडा सोडतात. पांढरी पडलेली अंडी मेलेली असतात; त्यांवर बुरशी चढून ती शेजारच्या चांगल्या अंड्यांसही व्यापते, म्हणून ती वेचून टाकावी लागतात. चारपाच दिवसांनी चांगल्या अंड्यात दोन काळे ठिपके दिसू लागतात. ते पिल्लाचे डोळे. साधारण सात दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. प्रत्येक पिल्लू पापणीच्या तुटक्या केसासारखे दिसते आणि पाण्याच्या अगदी पृष्ठभागालगत तरंगते.

या पिल्लांचे तोंड इतके लहान असते, की बाजारातले कोणतेही साधे खाद्य त्यात शिरत नाही. पैदास करणाऱ्यांचे पहिले अपयश बहुधा येथेच येते. अंडी फुटतात, पिल्ले दिसतात आणि तीनचार दिवसांत भुकेने मरून जातात. त्यांचे अन्न आधीच तयार असावे लागते. तळ्याच्या पाण्यात ज्वारीच्या कडब्याचे दोनचार तुकडे, मात्र औषध न फवारलेल्या, भिजत ठेवले, की काही दिवसांत ते पाणी डोळ्यांस न दिसणाऱ्या जिवांनी भरून जाते. शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा एक थेंब पाहिला, तर चपलेच्या आकाराचे प्राणी इकडून तिकडे धावताना दिसतात. हेच पाणी दिवसातून अनेकदा थोडे थोडे पिल्लांस घालतात. दोनतीन आठवड्यांनी, मिठाच्या पाण्यात उबविलेल्या आर्टेमिया नावाच्या चिमुकल्या कोळंबीसारख्या जिवाची पिल्ले त्यांस गिळता येऊ लागतात. मोठ्या माशांस मात्र डासांच्या वळवळणाऱ्या अळ्यांसारखी मेजवानी दुसरी नाही. त्या फुकट मिळतात आणि गावावरही उपकार होतो.

प्रत्येक टाकीवर एक लहानशी पाटी टांगलेली असते. तीवर जातीचे नाव, अंडी उचलल्याचा दिवस, आईबाप कोणत्या टाकीतले आणि ते मुळात कोठून आणले, एवढे लिहिलेले असते. पुढच्या पिढीसाठी मासे निवडताना सर्वांत झगझगीत एकच नर निवडण्याचा मोह होतो. परंतु एकाच बापाची पिढ्यान्पिढ्या होणारी संतती दुबळी निपजते, म्हणून निरनिराळ्या दिवशीच्या अंड्यांतून व निरनिराळ्या आईबापांतून मासे घेतात. काही पिल्ले दुसऱ्या गावच्या पाळणाऱ्यास देऊन त्याच्याकडची आपल्याकडे आणण्याचीही चाल आहे. ईचमच्या माशांस अनेक घरांच्या टाक्या लाभल्या होत्या, हे येथे आठवावे.

एवढे सारे करूनही पहिले काही महिने पाहावयास येणाऱ्यांची निराशाच होते. टाकीत शेकडो पिल्ले असतात, पण ती फिकट करड्या रंगाची. ‘इंद्रधनु कोठे आहे?’ असे एखादे मूल विचारल्यावाचून राहत नाही. बोसमनीच्या नरास त्याचा निळा-नारिंगी रंग पुरता चढावयास बहुधा वर्षभर तरी लागते. तोपर्यंत टाकीचा धनी रोज सकाळी उठून पाणी बदलतो, अळ्या घालतो आणि पाटीवरील दिवस मोजतो.